डावीकडे ओढणारी

कन्नमवार नगरात आमची चाळीस बिऱ्हाडं पाडून
जो टॉवर उभा राहिला
त्याच्या तळमजल्यावर एसीचं दुकान आलं.
तिथल्या सत्तावीस ट्रॉल्यांपैकी एक माझी.

नावावर नव्हती. पण ओळखायचे मी तिला:
हँडलचं लाल प्लास्टिक एका टोकाला कुरतडलेलं,
बाळ बसवायच्या फळीवर कुणीतरी पेनानं केलेला
गुणाकार, तोही चुकलेला,
आणि पुढचं चाक डावीकडे ओढणारं.

माझा उजवा पाय दोन वर्षांची असताना गेला.
म्हणजे आहे. पण त्याच्या मनात काही नाही.
मी चालते ती उजवीकडे कलत कलत.
ती डावीकडे, मी उजवीकडे,
दोघींची ओढाताण होऊन
तूरडाळीपासून फिनेलपर्यंतचा रस्ता
सरळ निघायचा.
बासष्ट वर्षांत इतकी सरळ मी कुठेच गेले नव्हते.

काठी आहे ना. घरी, दाराआड.
काठी घेतली की लोक वाट देतात
आणि दुसरीकडे बघतात.
ट्रॉली घेतली की म्हणतात,
अहो काकू, सरका की जरा.
मला हे बरं वाटतं.

पाव किलो रवा, एक काडेपेटी.
एवढ्याशासाठी ट्रॉली? बास्केट घ्या ना,
काउंटरवरची हर्षदा म्हणायची.
बास्केटला मी धरीन गं,
मला कोण धरणार.
हे तिला कधी बोलले नाही.

दारात लोखंडाचे दोन खांब गाडलेले.
'ग्राहकांच्या सोयीसाठी ट्रॉली बाहेर नेण्यास सक्त मनाई.'
तिथे रामबचन उभा, बारा तास,
खुर्ची त्यालाही नाही.
माताजी, बस इथपर्यंत, म्हणायचा
आणि रिक्षापर्यंतची अठरा पावलं
पिशवी स्वतः आणायचा,
वर कॅमेऱ्याकडे एक डोळा ठेवून.

खांबांच्या बाहेर कधी कधी
चौथ्या मजल्यावरचा निनाद कारखानीस दिसायचा,
चाकाच्या खुर्चीत, मोठ्यानं यादी वाचताना:
साबण, निळा. नाही, निळा. त्याच्या शेजारचा.
आतून कुणीतरी भलताच उचलून आणायचं.
त्यानं एकदा टेप लावला. खांबांमधलं अंतर पन्नास.
खुर्ची त्रेसष्ट.
मग अर्ज केला, तीन प्रतींत.
मीही सही केली, सहीखाली फोन नंबर.

पॉलिसी बंगळुरूहून येते, मॅनेजर म्हणाला.

दिवाळी गेली, होळी गेली, आणि आली.
खांब उपटले. त्या जागी फरशीवर पिवळा पट्टा,
आणि नव्याकोऱ्या करड्या ट्रॉल्या,
पट्ट्यावरून जाताच चाकं आपोआप जाम.
जुन्या भंगारात दिल्या म्हणे, किलोच्या भावानं.
हर्षदा म्हणाली, आता बघा काकू, कशी लोण्यासारखी चालते.

चालते. लोण्यासारखी चालते
आणि मला घेऊन उजवीकडे जाते.
पहिल्याच दिवशी बिस्किटांचा मनोरा पाडला.
अर्जावर माझी सही होती, बोलणार कुणाला?

निनाद मात्र आत होता.
मांडीवर बास्केट, साबणांपुढे,
एकेक वडी हुंगून परत ठेवत, चांगली वीस मिनिटं.
मी त्याच्या खुर्चीच्या मागच्या मुठी पकडल्या.
ढकलायचं नाही हां, तो मागे न बघता म्हणाला,
ढकललेलं मला खपत नाही.
ढकलत नाही रे. धरलंय नुसतं.
बरं मग. कुठे जायचंय?
रवा, म्हटलं. आणि काडेपेटी.

पिवळ्या पट्ट्याशी रामबचन पुढे झाला,
खुर्चीकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं,
मग भिंतीवरची सूचना
खालपासून वरपर्यंत वाचून काढली.
तीत आमचं काही नव्हतं.

अठरा पावलं. पिशवी त्याच्या मांडीवर.
रिक्षावाला म्हणाला, खुर्ची घेत नाही.
दुसरा येईपर्यंत आम्ही उन्हात उभे,
म्हणजे मी उभी,
आणि निनाद निळा साबण हुंगत.